चांगला नमुना

ड्रायव्हरने प्लास्टिकची डबी लॅबच्या खिडकीतून आत सरकवली. डबीवर त्याचं नाव होतं, अभ्यासातला त्याचा नंबर होता, आजची तारीख होती. आतला बेडका तेवढा त्याचा नव्हता. तो त्याच्या बायकोचा होता.

तिचा बेडका स्वतःच्या नावावर देण्याची ही तिसरी खेप. नव्या गोळ्यांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांचा नियम साधा होता. महिन्याला एक नमुना, आणि सलग तीन स्वच्छ निघाले की टीबी आटोक्यात आल्याचा दाखला. दाखला दाखवला की शाळेची बस पुन्हा त्याच्या हातात. शाळा सोमवारपर्यंत थांबणार होती, पुढे दुसरा माणूस बघणार होती. त्याचा स्वतःचा पहिला नमुना खराब निघाला तेव्हा त्याचं धाबंच दणाणलं. गोळ्या तो नेमाने घेत होता, पण स्वतःच्या छातीवरचा त्याचा भरवसा उडाला. "माझी छाती तपासून स्वच्छ आलीय ना? मग माझाच द्या," बायको म्हणाली. चेष्टेनेच म्हणाली होती ती. पण पाणी गळ्याशी आलं होतं, त्याने ती चेष्टा उचलून धरली.

लॅबवाल्या ताईंनी डबी उजेडात धरली. बाई कडक. पातळ थुंकी आणली की डबी परत. "धडधाकट माणसाला थुंकीच येते. मला छातीतला बेडका हवाय," हे दिवसातून वीसदा तरी ऐकवायच्या. गेल्या दोन्ही वेळा त्यांनी कुरकुरत डबी घेतली होती.

"वा," ताई म्हणाल्या. "शिकलात म्हणायचं शेवटी. गेल्या दोन वेळा नुसतं पाणी आणलं होतंत. याला म्हणतात नमुना. बसा तासभर."

त्याचा जीव भांड्यात पडला.

व्हरांड्यात डॉक्टर एका म्हाताऱ्याची समजूत काढत होते. म्हातारा नव्या गोळ्यांना हात लावायला तयार नव्हता. "हे बघा आजोबा, आमचे ड्रायव्हरसाहेब. याच गोळ्या. दोन महिने नमुना साफ."

"खरं का रे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"हो आजोबा," ड्रायव्हर म्हणाला. त्याला लाज वाटली. म्हाताऱ्याने संमतीचा कागद सहीसाठी पुढे ओढला आणि चष्मा शोधायला लागला.

बायको कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती. सोबतीला म्हणून आली होती. खरं तर नवरा ऐनवेळी काहीतरी बोलून बसेल याची तिला धास्ती होती. तो शेजारी टेकला.

"घेतली. चांगला आहे म्हणाल्या."

"असणारच. आधी घसा फाटेस्तोवर खाकरत बसायचे, तरी काही येईना. आज उठल्या उठल्या आपोआप आला." ती हसली. "हात बसला आता माझा." हसता हसता तिला ठसका लागला. तोंडावर रुमाल धरून ती बराच वेळ खोकत राहिली.

ड्रायव्हर हसायला गेला आणि तसाच राहिला. धडधाकट माणसाला थुंकीच येते.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"काय कधीपासून?"

"खोकला."

"झाले असतील पंधरा-वीस दिवस. रात्रभर तुमचा ऐकून ऐकून माझाही सुरू झाला." तिने रुमालाची घडी घातली. "सोमवारी बसवर जाताना तो निळा शर्ट घाला. इस्त्री करून ठेवलाय."

तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला. नमुना स्वच्छही निघेल. आज दाखला घ्यावा, उद्या हिला घेऊन यावं आणि वेगळी डबी मागावी. एका दिवसाने काय होतंय? असं मनात आलं आणि त्याला स्वतःचीच किळस आली. तरी तो जागचा हलला नाही.

खिडकीतून ताईंनी हाक मारली. तो उठला.

"मनाला लावून घेऊ नका," ताई म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता. "जंतू आहेत. दोन-चार नाहीत, काचेवर जिकडेतिकडे आहेत. दोन महिने स्वच्छ आणि आज एकदम असं, माझाच विश्वास बसेना. दोनदा बघितलं. डॉक्टर गोळ्या बदलतील तुमच्या."

बायको मागे येऊन उभी राहिली होती. तिचे डोळे भरून आले. "जाऊ दे हो ती बस. तुमच्यापेक्षा का बस जास्त आहे? गाड्या काय, पुन्हा मिळतील."

ताई वहीत त्याच्या नावापुढे लिहायला लागल्या.

"थांबा ताई," ड्रायव्हर म्हणाला. "ती डबी माझी नाही."

मागे डॉक्टरांचं बोलणं थांबलं. बायकोने त्याची बाही ओढली आणि ती दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, गप्प बसा. कुणाला कळलेलं नाही अजून."

"तुमची नाही?" ताईंचं पेन हवेतच राहिलं. "मग कुणाची?"

त्याला मागे वळून बघवेना.

"हिचं नाव लिहून घ्या," तो म्हणाला.

बाही ओढायची ती थांबली. पण तिने ती सोडली नाही. तिची मूठ हळूहळू आवळत गेली.