कोरी जागा

जागेचा मालक पुन्हा वाकला. वर आभाळ सोडून काही नव्हतं, तरी त्या ठिकाणी तो मान खाली घालूनच पुढे गेला, आणि म्हातारी त्याच्याकडे बघतच राहिली.

मुलगा आणि सून हरखून गेले होते. माती लोण्यासारखी मऊ, एक दगड लागेल तर शपथ. मागे टेकडी, एका अंगाने सोललेली, उघडी लाल, पण वारा तरी अडवेल. सुनेने ओटा कुठल्या बाजूला, तेही ठरवून टाकलं. आजवर घरासाठी पाहिलेल्या प्रत्येक जागेला म्हातारीने नाक मुरडलं होतं. एक नाल्याकाठी, एक रस्त्याच्या तोंडावर, एकीचा शेजारीच तिला बघवला नाही. म्हणून मुलाने निघतानाच बजावलं होतं, आई, आज तोंडाला कुलूप. इसाराचे पैसे तो खिशात घेऊनच आला होता.

तोंडाला तिने कुलूप लावलं. डोळ्यांना कोण लावणार?

जागा सपाट, गवत घोट्याएवढं. पण मालक या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरळ म्हणून जाईना. मधेच वळसा घाली, जसा काही तिथे पलंग मांडलाय. मग ठरल्या जागी वाकायचं आणि पाऊल उचलून टाकायचं, उंबरा ओलांडावा तसं. त्याच्या ते ध्यानीमनीही नव्हतं. तोंडाने हद्दीचे दगड दाखवणं चालूच होतं. इथे पूर्वी कुणी राहायचं का, असं मुलाने विचारलं, तर म्हणाला, छे, कोरी जागा आहे.

म्हातारी जन्मात कुणाच्या बापाला भ्याली नव्हती. तिची सासूच तिला टरकून असायची. आता मात्र भर उन्हात तिचे तळपाय गार पडले. आपण न विचारता कुणाच्या तरी घरात शिरलोय, असं वाटून तिने अंग चोरून घेतलं.

मुलाने इसाराचं पाकीट बाहेर काढलं. तिने त्याचं मनगट धरलं. आता काय आणखी, असं तो दातओठ खात पुटपुटला. सुनेने तोंड फिरवलं. म्हातारीने दोघांकडे बघितलंच नाही.

"भाऊ," ती मालकाला म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "घरात माणसं किती होती?"

मालक हसायला गेला. मग त्याने आपल्या पायांकडे पाहिलं, आपण कुठे उभे आहोत ते पाहिलं. चौकटीला टेकवावा तसा त्याने हात वर नेला, आणि तो हवेतच राहिला.

"चार," तो म्हणाला. "मी कामावर होतो. तेव्हा टेकडी एवढी जवळ नव्हती."