अन्नपूर्णाबाईंचं जन्मसाल

"एकतीस नाही, एक्केचाळीस," छाया म्हणाली. "आजीचं जन्मसाल चुकलंय."

फ्लेक्सचा नमुना तिच्या मोबाईलवर उघडा होता. अन्नपूर्णाबाईंचा हिरव्या लुगड्यातला फोटो आणि खाली दोन सालं. उद्या तेरावी. चिखलीचा फ्लेक्सवाला बारा वाजेपर्यंत थांबणार होता.

"कायचं चुकलं?" माणिककाका पत्रावळ्यांचे गठ्ठे सोडता सोडता म्हणाले. "आधार कार्डावर एकतीसच हाये."

छाया चिखलीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. तिने गणित मांडलं. गांधीजी गेल्याची बातमी गावात आली त्याच दिवशी आजीचा दुधाचा पहिला दात पडला होता. सगळे गांधीजींसाठी रडत होते, ती दातासाठी. घरातल्या प्रत्येक लेकराचा दात पडला की आजी ही गोष्ट सांगायची.

"अठ्ठेचाळीस साल, काका. पहिला दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतो. सतराव्या वर्षी नाही."

काकांनी बोटं मोजली. "म्हंजे माय चौऱ्याण्णवची नाही, चौऱ्यांशीची? अन् ग्रामपंचायत तिले गावातली सगळ्यात म्हातारी म्हणून झेंडा चढवाले नेत होती!" सुतकाच्या घरातही त्यांना हसू आलं.

छायाचे वडील भगवंतराव खिडकीशी बसले होते. ते म्हातारीचे थोरले. टपाल खात्यातून निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, तरी कागद दिसला की चष्मा पुसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. आज त्यांनी मोबाईलकडे पाहिलंसुद्धा नाही.

"एकतीसच राहू दे."

"पण बाबा, चूक आहे ती."

"राहू दे म्हनलं ना."

"काऊन दादा, झेंड्याचा नारळ वापस द्या लागंन म्हणून भेता काय?" काका म्हणाले. "तसे तुम्ही मायचे लाडाचेच. मले चपलेनं हाणलं तिनं. तुमाले कधी बोट नाही लावलं."

भगवंतराव हसले नाहीत. "एक्केचाळीस छापलं तर उद्या मी तेरावीले बसत नाही."

ते उठून मागच्या दाराने निघून गेले. काकांनी हातातला गठ्ठा खाली ठेवला. अग्नी थोरल्याने दिला होता, पुढचे विधीही त्याच्याच हातचे. तो बसला नाही तर माय कशी सुटणार?

छाया फोटोकडे पाहत राहिली. आजीचं लग्न झालं त्याच साली आजोबांनी सोनाळ्याचं सगळं विकून अमडापूर गाठलं. इथे आजीने पालक-मेथीचे वाफे लावले, बाजारात पाटी घेऊन बसली, साठीनंतर सही शिकली. घरातली कुणी बाळंतपणाला टेकली की तिचा हात धरून बसायची. "भगवंताच्या वेळी मी दोन दिवस अडली. सुईण थकली, मी नाही थकली." छायानेही कळा सोसताना तेच ऐकलं होतं आणि तो हात सोडला नव्हता. त्या बाईचं आयुष्य निदान छापताना तरी खरं छापावं, एवढंच तिला वाटत होतं.

ती मागे गेली. भगवंतराव मेथीच्या वाफ्यात उकिडवे बसून तण काढत होते.

"बाबा, दहा वर्षं जास्त लिहिली म्हणून आजी मोठी होणार आहे का?"

"वय मी नाही वाढवलं. तिनंच सांगतलं. राशन कार्डावर नावं चढवाले माणूस आला तवा मी तिच्यापाशीच उभा होतो. थो म्हने, बाई, तू एवढी दिसत नाही. माय म्हने, तू लिव."

"काऊन पण?"

भगवंतरावांनी उपटलेलं तण बांधावर टाकलं. हात धोतराला पुसले.

"माणिकले सांगशीन नाही?"

"नाही."

"तिच्या जीवात जीव होता तोवर मी कधी बोललो नाही. तिलेही नाही. मले सारं याद हाये, हे तिले मालूम नव्हतं."

छाया वाफ्याच्या कडेला बसली. आत मोबाईल वाजत होता. फ्लेक्सवालाच असणार. ती उठली नाही.

"तिच्या लग्नात अक्षता टाकल्या मी," भगवंतराव म्हणाले. "सहा वर्साचा होतो. माय चौदाची."