झिऱ्याची वाळू

कमरेचं हाड मोडल्यापासून जयवंताबाई खाटेवरच होत्या, तरी वरणाला आणि प्यायला त्यांना कन्हान नदीच्या झिऱ्याचंच पाणी लागे. सून तृप्ती रोज नदीत वाळू उकरायची आणि साचलेलं पाणी नरोटीने घागरीत भरायची. यंदाच्या उन्हात धार मार्चमध्येच आटली. आज तिने कोपरभर खोल उकरलं, तर खालूनही कोमट, वास मारणारं पाणी आलं. ते तिने तिथेच सांडलं, चौकातल्या आरओ मशीनच्या थंड पाण्याने घागर भरून घेतली आणि खरं वाटावं म्हणून तिच्यात चिमूटभर वाळू टाकली. सासूने घोट घेतला. जिभेवरचा कण बोटाने काढून पाहिला. “लोक उगाच म्हणून राहिले, नदी मेली. चांगली थंडगार आहे वं. उद्या पोराइले सांग, मले खाटेसंगं उचलून न्या. घटकाभर पाण्यात पाय टाकून बसतो.” तृप्तीने पदराची गाठ चाचपली. उद्यासाठी बांधलेली वाळू अजून गरम होती.