दुसरी जाहिरात

"काका, दूसरा वाला चल गया," इंद्रजीत म्हणाला आणि त्यानं फोन शामरावांपुढं धरला.

इंद्रजीत वरच्या खोलीतला भाडेकरू. शंकर नगरच्या दुकानदारांच्या जाहिराती फोनवर चालवायचा. त्याच्याच सांगण्यावरून शामरावांनी आधी दोन जाहिराती थोड्या पैशांत लावून पाहिल्या होत्या. जी चालेल तिच्यात पुढचा पैसा घालायचा. पहिलीत लिहिलं होतं, 'रीनाची वडी चोरीची आहे.' त्या जाहिरातीकडं कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. दुसरीत गच्चीवर उन्हात कोहळ्याच्या सांडगी वड्या घालणारे त्यांच्या बायकोचे, पद्मिनीचे गोंदलेले हात होते आणि खाली एकच ओळ, 'पद्मिनीबाईंच्या चवीची वडी.' बटण दाबलं की रीनाचं फोनवरचं दुकान उघडत होतं.

"पर काका, ऑर्डर तो सब उसको जा रहे हैं. आपको क्या मिलेगा?"

"मिळन ना. तू पैसा वाढव."

रीना पद्मिनीच्या बहिणीची मुलगी. मागच्या हिवाळ्यात पद्मिनीनं अंथरूण धरलं, तेव्हा ती रोज त्यांच्या चौबे कॉलनीतल्या घरी येऊन बसायची. शामरावांना वाटलं, पोरीला माया आहे. होळीच्या आधी पद्मिनी गेली. तेरवीची पंगत उठल्यावर रीना जवळ आली. "काका, एक विचारायचं होतं." तिच्या पिशवीतून पद्मिनीचं कोहळा पिळायचं फडकं डोकावत होतं. शामरावांनी ते ओळखलं. "आता काय न्यायचं राहिलं?" ते चारचौघांत बोलले. रीना गेली ती परत आली नाही. दिवाळीनंतर फोनवर तिची वडी विकायला लागली. पद्मिनीचं नाव कुठंच नव्हतं.

शामरावांनी इंद्रजीतच्या नावानं एक पाकीट मागवलं. तळलेली वडी दाताखाली घेतली आणि कित्येक महिन्यांनी त्यांना बरं वाटलं. वडी लाकूड होती. लग्न झाल्यापासून दर थंडीत पद्मिनी कोहळा किसायची आणि शामराव पिळायचे. फडकं हाताला गार लागतं तोवरच पिळायचं, कोरडं होऊ द्यायचं नाही. ते हातालाच कळतं. रीनानं कोहळ्याचा जीव जाईस्तोवर पिळला होता. वडी चोरली, पण हात कुठून आणणार?

बदनामी करून ती बुडणार नव्हती. गिऱ्हाइकांनी बुडणार होती.

तसंच झालं. भिलाईहून, अभनपूरहून, पार नागपूरहून ऑर्डरी आल्या. पाठोपाठ शिव्या आल्या. सकाळी चहा घेऊन शामराव पद्मिनीच्या फोटोपुढं बसायचे आणि एकेक मोठ्यानं वाचायचे. "बड़ी है कि लकड़ी?" "पैसा वापस करो." मधेच थांबून ते फोटोला म्हणायचे, "ऐकून राहिली ना?"

रविवारी दुपारी कडी वाजली. शामरावांनी अर्धंच दार उघडलं. बाहेर रीना होती. डोळ्यांखाली काळं आलेलं, बोटं किसणीनं सोललेली.

"जाहिरात तुम्हीच टाकली ना, काका?"

"हव."

"मावशीच्या हाताचा फोटो दुसऱ्या कोणाजवळ असन?" ती म्हणाली. "लोकं मले लई बोलून राहिले."

"बोलू दे. तुह्यी वडी आहे ना?"

"मह्यी कुठची? तुम्हाले विचारल्याबिना मावशीचं नाव कसं लावू? विचारायलेच आली होती, तेरवीले."

"काय विचारायले?"

रीनानं पिशवीतून फडकं काढलं. चार घड्या तशाच होत्या. त्याला कोहळ्याचा डाग नव्हता, की पाण्याचा ओघळ नव्हता. पद्मिनी अशाच घड्या घालायची.

"हे मीनं नेलं नोयतं, काका. मावशीनं दिलं होतं. मले म्हणे, किसायचं, दाळ वाटायचं, सगळं मी शिकवीन. पिळायचं काम तुह्या काकाचं. हे फडकं घेऊन त्याईच्यापाशीच जा."

"मंग तिनंच काहून नाही शिकवलं? तिले येत होतं."

"मीनं बी तेच विचारलं." रीनानं फडकं पुढं धरलं. "तर म्हणे, मी गेल्यावर हा माणूस दार लावून बसन. कोणी समजवायले आलं, तर उघडणार नाही. काम घेऊन आलं, तर उघडन."

शामरावांनी एका हातानं फडकं घेतलं. दुसरा हात अजून कडीवरच होता.