झाकण

औरादच्या शाळेतले चन्नबसप्पा मास्तर हैदराबादच्या पोलीस अॅक्शनच्या आधीपासून एका इवल्या कोळ्याच्या मागे होते. नर कधीच सापडला होता. पण कलकत्त्याच्या तज्ज्ञानं कळवलं होतं, "दोन माद्या दाखवा, मग नवी जात मानू."

मादी जमिनीत बीळ करून राहते, त्याला मातीचं झाकण लावते आणि धोका वाटला की ते आतून ओढून धरते. आज भर दुपारी मास्तरांनी तसलं एक झाकण सुरीनं कापून डाव्या तळहातावर ठेवलं. बिळात गवताची काडी फिरवली. काडीला धरून मादी वर आली आणि थेट स्पिरिटच्या बाटलीत गेली.

"लिही, निलम्मा! मादी पहिली. रंग राखाडी, डोळे आठ. ठिकाण, औरादचा माळ."

"लिहायलेय की," बायको सावलीतून म्हणाली. "लेकीच्या बारशालाबी एवढं नाचला नव्हता तुम्ही."

"आता एकच राहिली!" म्हणत मास्तर झाकण पुडीत ठेवायला गेले.

ते तळहातावरून निघेना. त्यांनी नखानं कड उचलली. झाकण जरासं वर आलं आणि खालून कुणी ओढावं तसं पुन्हा गच्च बसलं.

बाटलीतली मादी निपचित होती.

मास्तर खदखदून हसले.

"अहो, हसायलात कामून?"

"जिंकलो, निलम्मा! लिही. मादी दुसरी. ठिकाण, माझा डावा तळहात."