मागच्या खोल्या

"मॅडम, मिलच्या मागच्या खोल्यांत यायलेबी बंदी आहे काय?"

चंद्रपूरच्या कोर्टात हा प्रश्न विचारताना संघप्रियाचा आवाज ठणठणीत निघाला. शेवटच्या बाकावर रिनाने तोंडात रुमाल कोंबला. "एवढी बोलतेस, तर जजसमोर विचारून दाखव," अशी पैज तिनेच सगळ्या मैत्रिणींसमोर लावली होती. अकरावीत आल्यापासून संघप्रिया कुठलीच पैज सोडत नव्हती.

दोन्ही वकील एकदम उठले. न्यायाधीश मॅडमनी हातानेच त्यांना बसवलं.

"तू कोण?"

"मी तिथीच राह्यते. मिलच्या मागं."

"सोबत कोण असतं?"

"नीलाबाई. स्वयंपाक करते, टीव्ही पाह्यते अन् झोपते."

मागे कोणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत.

मूल गावातली ती राइस मिल हरिदास आणि मीराबाई या दोन भागीदारांची. भागीदारी फिसकटली, दावा लागला आणि कोर्टाने तात्पुरता मनाईहुकूम दिला: निकालापर्यंत कोणीही मिलच्या आवारात ढवळाढवळ करू नये. ढवळाढवळ म्हणजे नेमकं काय, ते कोणालाच नीट कळलं नाही. हरिदास म्हणायचा, मशीन चालवता येते. मीराबाई म्हणायची, कुलूपसुद्धा काढायचं नाही. शेवटी दोघांनी तिकडे फिरकणंच सोडलं. तो कोरपन्याला राहू लागला, ती भद्रावतीला. आता धान यायला लागलं होतं, म्हणून हुकूम बदलून द्यावा असा हरिदासचा अर्ज होता.

फोन मात्र दोघांचेही रोज येत, संघप्रियालाच.

"ती आली होती काय?"

"त्यानं मोटर सुरू केली काय?"

नाही म्हटलं की, "जेवली काय?" मग मीराबाई म्हणायची, "हुकूम आहे नं, नाई तर मी आलीच असती." हरिदासचंही तेच. फोन बंद.

मिल थांबल्यापासून आवार इतकं गप्प झालं होतं की संघप्रिया धडे मोठ्याने वाचायची. इतिहाससुद्धा. नीलाबाई विचारायची, "कोणाले सांगून राह्यली वं?" त्या खोल्यांचं दार कोणीतरी बाहेरून वाजवावं, एवढंच संघप्रियाला पाहिजे होतं.

मॅडमनी जुना हुकूम पुन्हा वाचला.

"कोर्टाच्या देखरेखीखाली मिल चालू करा. आणि मागच्या खोल्यांत जायला कोणालाच मनाई नाही. पहिल्या दिवसापासून नव्हती. तेही आजच्या आदेशात स्पष्ट लिहून घ्या." त्यांनी चष्मा काढला. "हे आधी कोणी विचारलं का नाही?"

वकिलांनी आपापल्या अशिलाकडे पाहिलं. अशिलांनी पंख्याकडे.

बाहेर व्हरांड्यात रिनाने संघप्रियाच्या पाठीत धपाटा घातला. "जिंकली तू. समोसा माह्याकडून."

संघप्रियाचं लक्ष कोर्टाच्या दाराकडे होतं. हरिदास आणि मीराबाई तिच्याकडेच येत होते, एकमेकांपासून अंतर ठेवून.

"मले वकिलानं सांगतलंच नाई," हरिदास म्हणाला.

"मले वाटलं, तिथी पाय ठेवला तर जेल होते," मीराबाई म्हणाली.

"मी आजच येतो."

"मीबी."

"आता राहू द्या," संघप्रिया म्हणाली. "मी होस्टेलमध्ये चालली. फॉर्मवर सही लागते. आई, तू करते का बाबा, तुमी?"