बिघडलेलं हवामान

थंडी ओसरली की धाकटे भावजी दुर्बीण घेऊन मागच्या दारी ठाण मांडत आणि आलेला प्रत्येक पक्षी वहीत टिपत. भांडी घासता घासता वहिनी म्हणाली, "तो बघा, शिंजीर आला!" की ते नाक मुरडत. "उचलली जीभ, लावली टाळ्याला! शास्त्राला नोंद लागते, वहिनी, नोंद."

यंदा आईच्या आजारपणामुळे वहिनी तीन आठवडे माहेरी राहिली. परतली, तर भावजी तोंड पाडून बसलेले.

"पहिल्या आठवड्यात एकवीस जाती, दुसऱ्यात नऊ, आणि काल एकटा कावळा. हवामान पार बिघडलंय. मासिकाला लेख पाठवतोय. तुम्हाला नाही कळायचं ते."

वहिनीने हातातली पिशवीही खाली न ठेवता, भावजींच्या खुर्चीपासून दोन हातांवरचं मातीचं पसरट भांडं उचललं. रोज सकाळी ती त्यात पाणी भरायची. आता तळाशी वाळकी पानं आणि एक मेलेला मुंगळा होता. तिने ते विसळलं, काठोकाठ भरलं आणि जागेवर ठेवलं.

"लेखात तारीखही घाला, भावजी. मी माहेरी गेले, त्याच दिवशी हवामान बिघडलं."